मस्ट म्हणणाऱ्यानं सोबत चालावं

बाई,

आज सकाळी नातीनं मला पकडलं. शाळेतली जुनी कविता मी तिला पुस्तकातून वाचून दाखवत होतो, चांगला तालात. तिनं पुस्तक ओढून घेतलं. "आबा, पान तर दुसऱ्याच कवितेचं उघडलंय! दिसत नाय का तुम्हाला?" पाठ होती हो, म्हणून चाललं होतं. मोतीबिंदू पिकलाय आणि ऑपरेशनची तारीख मी पुढं ढकलत आलोय. इतके दिवस ती "आबा, यू शुड गो" म्हणायची. मी मान डोलवायचो, विषय संपायचा. आज म्हणाली, "यू मस्ट."

तो शब्द ऐकला आणि मी कन्नड गावातल्या आपल्या शाळेत जाऊन बसलो. शनिवार आहे. तुम्ही फळ्यावर शुड, मस्ट, हॅव टू लिहिता आणि सांगता, आज वर्गानं मला सल्ला द्यायचा. बाईंना सल्ला! कुणी म्हणतं छत्री आणा, कुणी म्हणतं छडी घरी ठेवा. पोरं हसून लोळतायत. घंटा झाली की वर्गात यावंच लागतं, ते हॅव टू, हेही त्याच गोंधळात डोक्यात शिरतं. मग मी उभा राहतो. "बाई, यू मस्ट गो टू डॉक्टर. लई खोकता तुम्ही." तुम्ही खडू खाली ठेवता. "शुड म्हणणारा सल्ला देऊन आपल्या घरी जातो. मस्ट म्हणणाऱ्यानं सोबत चालायचं असतं. येशील?"

आलो होतो. शाळा सुटल्यावर, दप्तरासकट. बाजारातून दवाखान्यापर्यंत तुम्ही माझा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, गर्दीत मी हरवू नये म्हणून.

नातीला हे सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. तर म्हणाली, "मग चला की, मी येते ना." औरंगपुऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला आणि स्कूटर काढायला गेलीसुद्धा. आता खाली हॉर्न वाजवतेय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, तेवढं चालवून घ्या. पत्र धाडायचं तरी कुठं, त्या कवितेच्या पानात ठेवतो.

जाता जाता तिनं विचारलं, "भीती वाटते का आबा?" मी म्हणालो, "छे!"

वाटते, बाई. मागं बसून तिचा खांदा घट्ट धरणार आहे. तिला वाटेल, आबा खड्ड्यांना घाबरतात.