दोन डिस्क आणि तिची हाक

३ मार्च, सोमवार

कॉम्प्युटरचं मशीन उठत नाही! काळा पडदा आणि वर एकच पांढरी ओळ — सुरू करायला काही सापडत नाही म्हणे. हिचा सगळा आवाज त्यात आहे. अंध मुलांच्या शाळेसाठी इतकी वर्षं गोष्टी वाचून रेकॉर्ड केल्या तिने. शाळा बंद पडली, त्यांच्याकडचं सगळं गेलं. उरलं ते एवढंच. आणि शुक्रवारी डॉक्टर हिची आवाजाची पेटी काढणार. गाठ आहे, दुसरा इलाज नाही.

जुनी सिस्टीम सारखी अडकायची, म्हणून काल मुलीने फोनवर सांगत सांगत माझ्याकडून नवी टाकून घेतली. आज हा प्रकार! हिला सांगायचं होतं, तू निर्धास्त जा, तुझा आवाज घरात नीट आहे. आता कोणत्या तोंडाने सांगू?

४ मार्च

मुलीचा फोन. "बाबा, धीर नका सोडू. दोन्ही डिस्कवर तेच आहे, मी मुद्दाम तसं केलंय. त्याला रेड म्हणतात. एक मेली तरी दुसरीवर सगळं राहतं."

"मग दोन्ही मेल्या असतील."

"बाबा!"

तिचं म्हणणं, बूट लोडर जागेवर नाही. म्हटलं, पंख्याच्या मोटारी गुंडाळणाऱ्याला कळेल असं सांग. तर म्हणाली, घरात एक जण सगळ्यांच्या आधी उठून बाकीच्यांना उठवतो ना, तसा छोटासा प्रोग्राम. तो नसला की सगळे असतात जागच्या जागी, पण झोपलेले.

"म्हणजे आपल्या घरातली तुझी आई."

"हो," म्हणाली.

५ मार्च

ज्यातून सिस्टीम टाकली तो पेन ड्राइव्ह लावून पाहिला — मशीन सुरू! हिच्या गोष्टी दिसल्या, सगळ्या! आनंदाने पेन ड्राइव्ह काढला, परत चालू केलं. काळा पडदा. लावला — सुरू. काढला — ठप्प.

मुलगी फोनवर हसत सुटली. "अहो बाबा, उठवणारा पेन ड्राइव्हमध्ये जाऊन बसलाय! कुठे ठेवू विचारलं तेव्हा काय निवडलंत?"

यादीतलं पहिलं नाव. तेव्हा ही आतून हाक मारत होती — "अहो, ऐकलंत का?" मी "थांब गं, आलो" म्हणत घाईत बटण दाबलं. आणि नंतर गेलोच नाही. हे आत्ता आठवतंय.

६ मार्च

जमलं! मुलगी अक्षर अक्षर सांगत होती, मी एका बोटाने टाइप करत होतो. एका डिस्कवर उठवणारा बसवला. हुश्श केलं तर म्हणते, दुसरीवरही बसवा. डिस्क एकमेकींची नक्कल करतात, पण हा त्या नकलेच्या बाहेर राहतो, दोघींकडे वेगवेगळा ठेवावा लागतो. ठेवला. मग म्हणे, मशीन बंद करून पहिलीची वायर काढा आणि बघा.

"मी नाही काढणार! मरायची एखादी!"

ही दारात उभी होती. बसक्या आवाजात म्हणाली, "काढा हो. लोकांचे पंखे उघडताना कुठे घाबरायचात?"

काढली. एकट्या दुसरीवर उठलं! वायर परत जोडली, मुलीने दोघींचा मेळ घालून दिला.

"झालं ना?" ही म्हणाली. "मग आता इकडे या. आठवडाभर मशीनचीच सेवा चाललीय. मला उद्यापर्यंतच बोलता येणार आहे."

बसलो. काय काय बोलली! शेजारणीच्या नकला केल्या, माझ्या घोरण्याचीसुद्धा. घसा दुखेल म्हटलं तर म्हणे, "आता कशासाठी राखून ठेवू?"

७ मार्च

आत नेलं. दारातून वळून म्हणाली, "गॅस बंद केलात ना?" मला आठवेना!

२४ मार्च

ही घरी आली. गळ्याला पट्टी. संध्याकाळी खुर्च्या जवळ घेऊन बसलो, गोष्ट लावली. मध्येच वाचणं थांबलं आणि हाक आली — "अहो, ऐकलंत का? तो पंखा बंद करा, घरघर येतेय."

"आलो, आलो!" म्हणत मी उठलो, जाऊन पंखा बंद केला.

वळून पाहिलं तर ही खुर्चीत पोट धरून हसत होती. आवाज नव्हता.