हायवेपलीकडची मुलं

प्रिय दीपमाला वहिनी,

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही, म्हणूनच खरं लिहिते आहे. तुमच्या वस्तीची मुलं आमच्या शाळेला जोडायचा आदेश वरून आला, असं तुम्ही समजता. तो मी मागून घेतला. पट घटल्यामुळे आमची शाळा बंद पडणार होती आणि माझी बदली पार सुरगाण्याला झाली असती. मुलांची जुनी शाळा लांब आहे, आमची जवळ, एवढंच मी बैठकीत सांगितलं. मध्ये हायवे लागतो, हे बोलले नाही.

तुम्ही तेव्हा विचारलंत, "वन्सं, पोरांना रस्ता कोण पार करून देणार?"

"मी येईन ना रोज."

"मग मला काळजी नाय."

थोडे दिवस आले. मग कधी प्रशिक्षण, कधी ऑनलाइन माहिती भरायची. मुलं आपली आपण येऊ लागली. गेल्या आठवड्यात एका ट्रकवाल्यानं तुमच्या निकिताच्या अगदी पुढ्यात ब्रेक दाबला. पोर वाचली, पण तेव्हापासून घरीच आहे.

आज मी आले, तर ती तुमच्याबरोबर कांदे निवडत होती. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत, उलट आग्रह करून भाकरी वाढलीत. निकिता जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आत्या, तुमची शाळा वाचली ना? माझं नाव राहू द्या तिथं. मी नाय आले तरी चालंल."

वहिनी, मी तिला 'बरं' म्हणाले.

तुमची,
छाया