सील न तोडलेली बाटली

दादा,

बाबांची छोटी मोटरसायकल मी गॅरेजमध्ये खोलून बसले आहे. शेजारचे मिस्त्री मदतीला येतात आणि आधी माझ्या हातातला पाना काढून घेतात. "ताई, तुम्ही नटांचं वाटोळं करता," म्हणतात.

काल इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते. मिस्त्री म्हणाले, "हा चालवणाऱ्याचा दोष नाही. कुणीतरी पेट्रोल भरलं आणि त्यात तेल मिसळायला विसरलं."

तू चालवत असताना गाडी बंद पडली, त्या दिवशी पेट्रोल मी भरलं होतं. बाबांनी विचारलं तेव्हा मी तोंड वर करून सांगितलं, "तेल घातलं की." मग इंजिन जाम झाल्याचं खापर तुझ्या डोक्यावर फुटलं. "दामटली असणार," म्हणाले बाबा, आणि त्यांनी तुला पुन्हा कधी चावी दिली नाही. तुला खरं ठाऊक नाही, या भरवशावर मी इतकी वर्षं निवांत होते.

आज सीटखालची गंजलेली पेटी उचकटली. आत तुझ्या रुमालात गुंडाळलेली तेलाची बाटली निघाली. मी ती खिडकीत विसरले होते. बाबांच्या नजरेस पडू नये म्हणून तू ती लपवलीस आणि मुकाट्याने बोलणी खाल्लीस.

मिस्त्री म्हणतात, हे तेल आता कामाचं नाही. असू दे.

हे पत्र माझ्याने टाकवणार नाही. गाडी सुरू झाली की तीच घेऊन तुझ्या दारात येईन. बोलता आलं नाही, तर बाटली पुढे करेन.

तुझी,
"तेल घातलं की" म्हणणारी धाकटी