एक, तीन, पाच, सात

गंगापूर रोड, नाशिक
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय किशोर,

सप्रेम नमस्कार. तू बंगळूरला सुखरूप पोचला असशील आणि मनमाडला काका-काकूंची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. इकडे मळ्यात सगळे बरे आहेत. थंडी पडायला लागलीय, गुलाबाला कळी चांगली धरलीय. आईचे गुडघे तेवढे सकाळी कुरकुरतात.

तुझं पार्सल मिळालं. काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळून, वर सुतळी बांधून तू ते असं पाठवलं होतंस की सरितावहिनीला आधी वाटलं, फराळच आला. ती सुतळी सोडवेपर्यंत आई लाडवांसाठी ताटली घेऊन बसली होती. आतून निघाल्या डीव्हीडी. आपल्या होडीवालीच्या कार्टूनचे भाग, दोन, चार, सहा आणि आठ. आठव्या भागाचं तर वरचं प्लास्टिकही तू काढलेलं नाहीस.

सोबतची तुझी चिठ्ठीही वाचली. 'आता तुझा संच पूर्ण. मी माझ्यासाठी नवीन आलेली पेटी मागवली आहे, काळजी करू नकोस.' मी तुझा आभारी आहे. एवढी महागाची वस्तू कोणी कोणाला अशी देत नाही. खरंच आभारी आहे.

त्या नव्या पेटीबद्दल मात्र मला शंका आहेत. चित्र म्हणे पुन्हा साफ केलंय, रंग नव्याने चढवलेत. साफ म्हणजे किती साफ? तिसऱ्या भागात रात्रीचा समुद्र जवळजवळ काळा आहे, त्यात फक्त कंदिलाचा एक ठिपका हलतो. तो समुद्र त्यांनी निळाशार करून ठेवला असेल तर ती पेटी तुलाच लखलाभ. आणि खालची इंग्रजी अक्षरं पिवळी केलीत का रे? आपल्या जुन्या भागांत पांढरी आहेत, लाटेच्या फेसावर ती अजिबात वाचता येत नाहीत. हे कळव.

तुला आठवतं का, आपण पहिल्यांदा जपानी कार्टून बघितलं ते कॉलेजात असताना, आमच्या घरी, केबलवर, हिंदीत बोलणारं. मग ते टेपवर उतरवून घ्यायचो आणि जाहिराती लागल्या की बटण दाबायला तू टीव्हीला नाक लावून बसायचास. पुढे तुझा आतेभाऊ अमेरिकेला गेला आणि होडीवालीचा पहिला भाग त्याने पाठवला, मोठ्या पेटीसकट. आठ भागांची जागा असलेली पेटी आणि आत एकच डबी. ती पडू नये म्हणून शेजारी पुठ्ठ्याचा एक पोकळ खोका होता. तू तो हलवून बघितलास, आत काहीतरी असेल म्हणून. मी म्हणालो, अरे, हा नुसता जागा धरायला बसवलाय.

तेव्हाच ठरलं. अख्खा संच एकट्याला झेपणारा नव्हता. पेटी आणि विषम भाग माझ्याकडे, सम तुझ्याकडे. प्रत्येक वेळी अदलाबदल समोरासमोर करायची, टपालाने नाही, आणि डबीत एक चिठ्ठी असलीच पाहिजे. तू मनमाडहून पंचवटी एक्स्प्रेसने यायचास, मी नाशिक रोडला न्यायला यायचो. म्हणून एवढं आश्चर्य वाटलं, की पार्सल कुरिअरने आलं.

दिवाळीत भेट झाली नाही त्याबद्दल वाईट वाटतं. सटाण्याला लग्न होतं, जावंच लागलं. तुला निरोप मिळाला असेलच.

आभारी आहे. काका-काकूंना नमस्कार.

धनराज

•

बंगळूर
२६ नोव्हेंबर २००६

प्रिय धन्या,

पत्र मिळालं. मी ठीक आहे, काळजी नसावी. इथे थंडी नाही, पोहे बरे मिळत नाहीत, बाकी सगळं आहे.

नवीन पेटीचं आधी सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. समुद्र निळा केलाय. अक्षरं पिवळी आहेत. डब्या एवढ्या पातळ की पेटीत आठ ठेवल्या तरी चार वाटतात. तू बघितलीस तर दोन दिवस जेवणार नाहीस. शेवटचा भाग मी पाहिला, एकट्याने, रविवारी दुपारी. शेवट सांगत नाही.

आता भांडण. एका पत्रात तू तीनदा आभार मानलेस. आपल्यात आभार कधीपासून? आणि खाली सही काय, 'धनराज'? मी काय बँकेचा मॅनेजर आहे?

दुसरं. तुळशीचं लग्न लागायच्या आधी सटाण्यात कोणाचं लग्न लागलं, हे मला कळव. मी नाशिक रोडला उतरून, नेहमीच्या घड्याळाखाली उभा होतो. आठवा भाग हातात होता. अंधार पडून बराच वेळ झाला तेव्हा तुझ्या घरी फोन केला, तर वहिनी अडखळत म्हणाल्या, सटाण्याला गेलेत भाऊजी. वहिनींना खोटं बोलता येत नाही, त्यांच्याकडून बोलवून घेऊ नकोस.

तिसरं. तुझं अक्षर. आख्ख्या कॉलेजात तुझ्यासारखं अक्षर नव्हतं. या पत्रात ओळी उताराला लागल्यात, दुसऱ्या पानावर तर एका ओळीवरच दुसरी लिहिलीयस. प्यायला लागलास का?

चिडून लिहितोय असं वाटेल, पण तसं नाही. गेली दोन वर्षं तू येत नाहीस. मी नाशिकला आलो की कधी बाजार, कधी ताप, कधी लग्न. ईमेल लिहीत नाहीस, फोनवर दोन शब्द बोलून ठेवून देतोस. मला वाटलं, तुला या सगळ्याचा कंटाळा आलाय आणि तोंडावर सांगता येत नाहीये. आपलं वयही आता कार्टूनचं राहिलं नाही, असं मला इथे ऑफिसात रोज कोणीतरी सांगतंच. म्हणून ठरवलं, की माझे भाग तुला देऊन टाकावेत. तुझा संच पूर्ण होईल आणि अदलाबदलीसाठी मला भेटण्याची सक्ती तुझ्यावर राहणार नाही. कुरिअरच्या दुकानात ते पार्सल देताना मला फार वाईट वाटलं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

काय झालंय ते सांग. कंटाळाच असेल तर तेही सांग. मी वाचून घेईन.

तुझा,
दोन, चार, सहा, आठ (सगळे तुझ्याकडे)

•

गंगापूर रोड, नाशिक
१० डिसेंबर २००६

प्रिय किशोर,

पीत नाही. तेवढं आधी वाच आणि काकूंना काही कळवू नकोस.

हे पत्र मी जाड पुठ्ठ्यात खाचा पाडून, तो कागदावर ठेवून लिहितोय. खाचेतून पेन चालवायचा, म्हणजे ओळ सुटत नाही. युक्ती सरितावहिनीची. ती दहावीला पहिली आली होती, हे ती आम्हाला अधूनमधून ऐकवते ते बरोबरच आहे.

माझी नजर जातेय, किशोर.

दोन पत्रं लिहून फाडली, आता हे लिहून झालं. डॉक्टर म्हणतात, डोळ्याच्या आतला पडदा कडेकडून वाळत चाललाय. आधी रात्रीचं दिसणं गेलं. मी म्हणायचो, मळ्यातला दिवा मंद आहे. मग बाजूचं जायला लागलं. आता समोर तेवढं दिसतं, आणि तेही पाइपातून बघितल्यासारखं. औषध नाही. किती दिवस राहील ते त्यांना सांगता येत नाही. मी खोदून विचारलं तेव्हा ते म्हणाले, जे बघायचंय ते बघून घ्या. आईच्या भावाला, मोतीराममामाला, हेच होतं. त्याला लोक रातांधळा म्हणायचे आणि हसायचे. माझं कळल्यापासून आई माझ्याकडे बघत नाही. आपल्या माहेराकडून आलं, एवढंच धरून बसलीय. तिला मी काय समजावू?

बाजारात जाणं बंद केलंय. लुना भावाने स्वतःकडे घेतली. गुलाबाच्या जुड्या बांधताना मी कडेची डागी फुलं आत घालायला लागलो, व्यापाऱ्याने माल परत पाठवला, आणि तिथेच घरात सगळ्यांना कळलं. आता जुड्या वहिनी बांधते. मी पाणी भरतो. सरी पायाला कळते, तिला डोळे लागत नाहीत.

सटाण्याला लग्न नव्हतं. मी त्या संध्याकाळी नाशिक रोडला आलो होतो. रिक्षातून उतरलो, पुलापर्यंत नीट गेलो. पायऱ्यांवर दिवे लागायचे होते. माझा पाय कोणाच्या तरी पेरूच्या पाटीत पडला, पेरू खाली घरंगळले, आणि ती बाई ओरडली, "दिसत नाय का रं भाऊ?" तिने आपलं सहज विचारलं. कठड्याला धरून तिथेच उभा राहिलो. तू पलीकडे घड्याळाखाली असणार हे मला माहीत होतं. पुढे पाऊल टाकण्याची हिंमत झाली नाही आणि तुला हाक मारण्याची लाज वाटली. घरी आल्यावर वहिनीला मीच सटाण्याचं सांगायला शिकवलं. तिच्यावर रागावू नकोस.

तुझ्यापासून का लपवलं? बाकी सगळ्यांशी मी गुलाबाचं बोलतो, पाण्याचं बोलतो, भावाचं बोलतो. तुझ्याशी माझं नातं दोघांनी मिळून बघण्याचं आहे. ज्याला बघता येत नाही त्याचा तुला काय उपयोग, असं मला वाटलं. आता लिहिल्यावर ते मूर्खासारखं दिसतंय, पण दोन वर्षं मला ते अगदी खरं वाटत होतं.

तुझं पार्सल आलं त्या दिवशी दुपारी मी आठही डब्या पेटीत ओळीने लावल्या. त्यांच्या कडांवर मिळून एक लांब होडी होते, हे आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे. माझ्याकडे इतकी वर्षं होडीचं टोक, वल्ह्याचा तुकडा आणि पाणी होतं. तिचा चेहरा चौथ्यावर, म्हणजे तुझ्याकडे. पहिल्यांदा आख्खं चित्र माझ्या घरी आलं आणि मला ते एका नजरेत मावेना. टोक बघितलं की चेहरा जायचा, चेहरा बघितला की वल्हं जायचं. मावावं म्हणून मागे सरकत गेलो आणि खाटेवर आदळलो. मग तिथेच बसून रडलो. घरात कोणी नव्हतं ते बरं झालं.

नंतर चौथा भाग लावून बघितला. खालची ओळ वाचायला गेलो की चित्र गेलं. चित्र बघत राहिलो की ओळ निघून गेली, आणि ती पोरगी जपानीत काय म्हणतेय ते मला कळेना. वहिनीने वाचून दाखवायचा प्रयत्न केला. एकेक शब्द जोडून ती इतकं मन लावून वाचते की ओळ संपेपर्यंत होडी दुसऱ्या बेटाला लागलेली असते. आम्ही दोघं हसलो, मग तिनेच टीव्ही बंद केला. आठवा भाग फोडलेला नाही.

तू वाचून दाखवायचास ते आठवतं? आई खाली बसून फुलं निवडायची, तिची मान वर व्हायची नाही, आणि तू पलंगावरून प्रत्येक ओळ मराठीत सांगायचास. म्हाताऱ्या नावाड्याला तू मनमाडच्या हमालासारखं बोलायला लावलं होतंस. आईला आजही ते कार्टून जपानी आहे हे पटत नाही. परवा भाकरी वाढताना विचारत होती, "तो मनमाडचा पोरगा लय दिवस झाले आला नाय. त्या होडीवालीचं पुढं काय झालं, त्याला ठावं आसंल." आजारपण कळल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा तिने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं.

तर आता माझं म्हणणं ऐक. कंटाळा आलेला नाही. तुझे चारही भाग मी या पत्रासोबत परत पाठवतोय. रागाने नाही. कुरिअरने पाठवतोय याबद्दल माफ कर, नियम मोडायची ही माझी एकच वेळ. ते तुझे आहेत आणि ते घेऊन तूच आलं पाहिजेस. पेटीत त्यांच्या जागी मी तो जुना पोकळ खोका कापून चार पट्ट्या बसवल्यात. हाताने चाचपून बसवल्या, बरोबर बसल्या. बाकीच्या डब्या हलत नाहीत.

नाताळाच्या सुट्टीत ये, संक्रांतीला ये, कधीही ये, पण लवकर ये. आठवा आण. तुझ्या त्या निळ्या समुद्राची पेटी आणू नकोस. शेवट तू पाहिलायस याचं आधी मला फार लागलं होतं. आता वाटतं, बरंच झालं. तुला पुढचं माहीत असलं म्हणजे तुझं लक्ष ओळींवर राहील आणि वाचताना तू घाई करणार नाहीस. मी ओळींकडे बघणारच नाही. सगळी नजर चित्राला देईन. आई खाली बसेल. पुढे कधीतरी मलाही तिच्यासारखं नुसतं ऐकावं लागेल. तेव्हाही तू वाचशील का, हे मी आत्ता विचारत नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

न्यायला मी नाशिक रोडला येईन. पूल चढणार नाही, अलीकडेच थांबेन. तू मला शोधत बसू नकोस, आणि लांबून हातही हलवू नकोस, तो मला दिसणार नाही. गाडीतून उतरलास की सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशी हाक मार. मी ओ देतो.

तुझा,
एक, तीन, पाच, सात