जाडी की बारकी

सोमवार, ३ फेब्रुवारी

परत मामाचं टक्कल!

शाळेच्या बक्षीस समारंभाचे फोटो सकाळी दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर बघितले. अध्यक्षबाई कप देतायत, मुलगी हात पुढे करतेय, हसू अगदी फुटायच्या बेतात - मी मागून बरोबर क्षण साधलाय. आणि दोघींच्या मधोमध मामाचं टक्कल. वरून दिव्याचा उजेड. कपापेक्षा तेच जास्त चमकतंय.

मी म्हणालो, मामा, तू जरा डावीकडे सरकत जा ना.

"मी डावीकडे सरकलो तर जवळचा फोटो काय अध्यक्षबाई काढणार?"

मी आलो तेव्हापासून आमची हीच पद्धत. मामाकडे जवळची लेन्स, माझ्याकडे लांबची. दोन्ही फिक्स. लेन्स पुढेमागे होत नाही म्हणून माणसांनी पुढेमागे उभं राहायचं. तो स्टेजला चिकटून, मी शेवटच्या भिंतीला चिकटून. त्याला सगळा घोळका मिळतो, मला एकेक चेहरा. माझ्या सगळ्या शर्टांच्या पाठी चुन्याने पांढऱ्या झाल्यात. धुऊनही जात नाही.

टक्कल पुसायला अख्खी दुपार गेली. डोळे चुरचुरतायत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

समारंभ भरवणाऱ्या कंपनीच्या मॅनेजरचा फोन. मामाने स्पीकरवर टाकला, नेहमीसारखा.

"फोटो छान असतात हो तुमचे. पण पुढच्या वेळेपासून एकच माणूस पाठवा. एक पुढे नाचतो, एक मागे आडवा येतो. पाहुण्यांना स्टेज दिसत नाही. आणि तो फ्लॅश नको, साहेबांना त्रास होतो."

मामा हो हो म्हणाला. फोन ठेवून बराच वेळ खांदा चोळत बसला. मग मला म्हणाला, "शुद्धलेखन, एक काम कर. झूम लेन्स शोध. टू पॉइंट एट, भरपूर उजेड आत घेणारी. म्हणजे जवळचं-लांबचं एकात होईल आणि कमी उजेडातही फ्लॅश लागायचा नाही. आपल्या मिररलेस कॅमेऱ्याला बसणारी बघ. घाई नको. तुझ्यासारखी खुसपटं काढणारा माणूस मला दुसरा कुठे मिळणार?"

शुद्धलेखन म्हणजे मी. दहावीत दोनदा आपटलो आणि आईने मामाकडे पाठवलं. आल्या आल्या, बॅगही खाली न ठेवता, दुकानाच्या पाटीवरची चूक दाखवली होती. तेव्हापासून हेच नाव. पाटी अजून तशीच आहे.

पण एवढं महत्त्वाचं काम मला सांगितलं! लेन्स मी निवडायची! आज बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

लेन्स भाड्याने देणाऱ्याकडे गेलो. त्याच्याकडे आपल्या कॅमेऱ्याच्या दोन आहेत. एक कॅमेऱ्याच्याच कंपनीची - मोठी, जाड, काळी, हातात घेतली की मनगट आपोआप खाली जातं. दुसरी दुसऱ्या कंपनीची - छोटी, हलकी, खिशात टाकून फिरावी अशी. मनातल्या मनात नावं ठेवली. जाडी आणि बारकी.

दोन्हींच्या काचा उजेडाकडे धरून बघितल्या. मग कॅमेऱ्याला बसणारी कड बघितली. मग रिंग फिरवून कान लावला, खरखर येते का ते ऐकायला. भाडेवाला टोपण हातात धरून ताटकळत उभा.

"अरे, लग्न करायचंय का तिच्याशी? फोटो काढायचेत ना?"

म्हटलं, फसायला नको. तो म्हणाला, "दोन्ही घेऊन जा. काय ती परीक्षा घे आणि मला सोड."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

समोरच्या गोदामाची विटांची भिंत. तिच्यासमोर स्टँड लावला. आधी जाडी, मग बारकी. मग शंका आली की स्टँड हलला. परत जाडी, परत बारकी.

मामी वरच्या खिडकीतून, "काय रे, भिंतीचा वाढदिवस आहे का?"

स्क्रीनवर मोठं करून एकेक वीट बघितली. बारकी मध्ये चांगली आहे, पण कोपऱ्यातल्या विटा विरघळल्यासारख्या दिसतात. जाडीच्या कोपऱ्यातल्या विटांवर कोणीतरी खिळ्याने कोरलेलं नावसुद्धा वाचता येतं. शिवाय जाडीत माणसं जास्त मावतात, बारकीत दोन्ही कडांची कापली जातात. लांबचं जवळ आणताना जाडी सत्तर एमएमपर्यंत जाते, माझ्या लांबच्या लेन्सपेक्षा थोडी कमी. पण दोन पावलं पुढे गेलं की काम होतं.

पण जड! काय जड! बाकी दिवसभर हातात धरून फिरलो, तर संध्याकाळी बाटलीचं झाकण फिरवता येईना.

रविवार, ९ फेब्रुवारी

अजून विटाच बघतोय. डोळे मिटले तरी विटा.

सोमवार, १० फेब्रुवारी

दोन्ही परत द्यायला गेलो. बारकी बुधवारसाठी परत हवी म्हणून सांगितलं. भाडेवाला काचा पुसता पुसता सहज म्हणाला, "बरं केलं तुझ्या मामाने. झूम घेतली की दोन माणसं लागत नाहीत. एकटा सगळं उरकतो."

मी हो म्हणालो. रस्त्यावर आलो. चौकापर्यंत चाललो आणि मग ते डोक्यात शिरलं.

दोन लेन्स, दोन माणसं. एक लेन्स - एक माणूस.

मॅनेजर काय म्हणाला होता? एकच माणूस पाठवा. आणि ही माझ्या कानांनी ऐकलेली गोष्ट! मी आठवडाभर विटा मोजत होतो. कोपरे बघत होतो. जी लेन्स आली की माझी गरज उरणार नाही तीच लेन्स मी इतक्या प्रेमाने शोधत होतो. मामाला काय, बोलायला जड जात असेल. म्हणून लेन्सच शोधायला सांगितली. समजून घेईल पोरगं, असं वाटलं असेल.

दुकानात आल्या आल्या त्याने विचारलं, "काय ठरलं?"

मी म्हणालो, अजून समोर दिवा ठेवून फोटो काढून बघायचाय. काच कशी चमकते ते.

"बघ बघ. सावकाश."

आईचा फोन आला. तिला काही बोललो नाही. तीच म्हणाली, "मामाला उलट बोलत नाहीस ना? त्याच्याशिवाय आपल्याला आहे कोण?"

मला दुसरं काय येतं? भिंतीला चिकटून उभं राहता येतं. टक्कल पुसता येतं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नोंदणी कार्यालयातलं लग्न. बारकी मामाच्या कॅमेऱ्याला लावून दिली. खोली म्हणजे एक टेबल, दोन कपाटं आणि खूप नातेवाईक. सह्या चालल्या होत्या. मामाने नवरा-नवरी घेतले, तर मुलीचा बाप बाहेर. बापाला आत घ्यायला मागे मागे सरकला तर पाठीमागचं कपाट उघडून फायली खाली. कार्यालयातले साहेब ओरडले. नवरी इतकी हसली की तिची सही बिघडली. तोच फोटो सगळ्यात चांगला आलाय.

"पिसासारखी आहे रे!" मामा बाहेर येऊन म्हणाला. खूश होता.

मी लांबची लेन्स घेऊन उभा होतो. एवढ्याशा खोलीत लांब जाणार कुठे? नवरीची मावशी मला म्हणाली, "तुम्ही कोणाकडून?"

संध्याकाळी मामाने शटर ओढायला उजवा हात वर केला आणि तसाच खाली घेतला. डावा वर केला. मग मला म्हणाला, "तू ओढ रे, माझे हात ओले आहेत." हात ओले नव्हते.

वर गेलो तेव्हा मामी त्याच्या खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. "सांगत होते, त्या खांद्याला सुट्टी द्या. माझं ऐकतंय कोण?"

"खांद्याला सुट्टी दिली तर बाकीचा माणूस कामाला कसा जाणार?" मामा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

हे फक्त इथेच लिहितोय.

बारकी घेतली तर मामा एकटा जाऊ शकतो. पिसासारखी आहे. जाडी घेतली तर नाही. तो खांदा दिवसभर जाडी धरू शकणार नाही. तासाभरात कोणालातरी हाक मारावी लागेल. कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यावा लागेल.

त्या कोणाला तरी तिथे असावं लागेल.

जाडीची कारणं विचारली तर तयार आहेत. कोपरे स्पष्ट. माणसं जास्त मावतात - कपाटातल्या फायली पाडाव्या लागत नाहीत. बांधणी दणकट. सगळी खरी आहेत. एकही बनवलेलं नाही. खोटं बोलावं लागलं असतं तर कदाचित जमलं नसतं. हे जमेल, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

रविवार, १६ फेब्रुवारी

सांगितलं.

मामा चहा पीत होता. कारणं सांगितली, विटांचे फोटो दाखवले. त्याने कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि म्हणाला, "कोण हा? गोदामवाल्याला सांगितलं पाहिजे."

मग म्हणाला, "जड आहे ना ती?"

सवय होते, म्हणालो.

"तू दिवसभर धरून बघितलीस?"

बघितली.

"हात दुखला?"

नाही, म्हणालो. हे मात्र खोटं.

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "मग तीच मागव. तू म्हणतोस तर तीच."

तू म्हणतोस तर! उरलेला चहा त्याने बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला. 

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मामी म्हणाली, "गुरुवारी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचंय, खांदा दाखवायला. तू दुकान सांभाळशील ना?" आणि नेहमीसारखी माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

भाडेवाल्याकडूनच नवी जाडी मागवली आहे. त्याला फोन लावला. म्हणणार होतो, थांबव, बारकीच दे. त्याने उचलला. "बोल, नवरदेव! गुरुवारी येतेय तुझी." मी म्हणालो, बरं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ती आली. खोकं मोठं आहे.

मामा-मामी डॉक्टरकडून दुपारी आले. मामी सरळ वर गेली, चपला पायऱ्यांवर एक इथे एक तिथे. मी मामाला विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? "काही नाही रे, वय झालं म्हणाले. त्यासाठी एवढी फी!"

मग त्याने खोकं उघडलं. जाडी उजव्या हाताने उचलली, लगेच डावा हात खाली लावला. काउंटरवर ठेवली. "दणकट आहे." एवढंच.

"शनिवारी त्याच मॅनेजरचा कार्यक्रम आहे. विक्रेत्यांचा मेळावा, दिवसभर. एकच बॅग भर."

एकच. मी भरली. बॅटऱ्या, कार्डं, पुसायचं फडकं. माझी लांबची लेन्स कपड्यात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवली. काचेवर बोटाचा ठसा होता, तो आधी पुसला. मामा बघत होता.

झोपावंसं वाटतंय, खूप. पण पडलो की विटा.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

राहवलं नाही. मामा पासपोर्टच्या फोटोंच्या कडा कापत बसला होता. म्हटलं, मामा, बारकी घेऊ या. खोकं नवंच आहे, तो बदलून देईल.

"का? कोपरे?"

कोपऱ्यांचं काही नाही एवढं. तुला ती जड होईल. तू एकटा जाणार, दिवसभर... तुझा खांदा. मला आधीच कळलं होतं. कळूनही मी तीच सांगितली.

कात्री थांबली. मला वाटलं, आता बोलणार. तो हसायला लागला!

"माझ्या खांद्याचं आता काय घेऊन बसलास!"

म्हणजे काय? विचारणार तेवढ्यात एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन आत आल्या, पासपोर्टचा फोटो काढायचा होता. बाळ डोळे उघडेना. मामा कॅमेऱ्यामागून कोंबड्याचा आवाज काढत राहिला. मी पांढरा कागद धरून उभा. नंतर विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

पण सांगितलं. जे व्हायचं ते होवो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी मामा दारात उभा होता. घरातल्या कपड्यांत. बॅग उचलून त्याने माझ्या खांद्यावर अडकवली, पट्टा नीट केला. "डॉक्टर म्हणाले, कॅमेरा बंद. मला ते आधीच कळलं होतं. म्हणून तर म्हटलं, ज्याला धरायची आहे त्यालाच निवडू दे. जा. मॅनेजरला सांग, एकच माणूस पाठवलाय."

दिवसभर एकटा. स्टेजपाशी मीच, भिंतीपाशी मीच. मनगट इतकं दुखतंय की अक्षर वाकडं येतंय.

आल्यावर सगळे फोटो बघितले. परत पहिल्यापासून बघितले. पुसण्यासारखं काहीच नाही. एकाही फोटोत मामाचं टक्कल नाही.