सभासदांच्या पानाचं कुलूप

शनिवार, ३ जानेवारी

...चौथ्यांदा क्लिक केलं. पुन्हा तेच. एडिटरच्या खिडकीत सभासदांचं पान यायला हवं, येतात दोन रिकामे चौकोन: युजरनेम आणि पासवर्ड. मी लॉगिन केलेलं आहे. शेजारच्या टॅबमध्ये सगळी स्थळं दिसतायत, फोटोंसकट. एडिटरमध्ये मात्र मी परका.

संगणकाची चूक आहे. शोधून काढेन.

आमच्या वधूवर मंडळाची वेबसाइट नवी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण बैठकीत मी म्हणालो की सोपं आहे. आणि आहेच. हा व्हिज्युअल एडिटर आहे. कोड नको, काही नको. जे दिसतं त्यावर क्लिक करा आणि बदला. मेळावा पंचवीस तारखेला. भरपूर वेळ आहे.

रविवार, ४ जानेवारी

संकल्प: रोज एक तास. अनुयाची मदत घ्यायची नाही.

अनुया माझी मुलगी. तळवड्याला आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पाच मिनिटांत करून देईल. पण मग तिला सभासदांचं पान दिसेल आणि त्यावर तिचं स्वतःचं स्थळ. ते मी दिवाळीत घातलं. तिला सांगायचं राहिलंय. पान कुलूपबंद आहे, म्हणजे घाई नाही.

बायकोने, चित्राने, बायोडेटा वाचला होता. शांत स्वभाव, स्वयंपाकाची आवड. कुणाचा आहे हा, असं विचारलं. मग म्हणाली, आधी तिला विचारा. बायका सरळ गोष्टीला फाटे फोडतात.

आतलं पान दिसत नाही तोवर लॉगिनचंच पान सजवलं. वर गणपती. अक्षरं केशरी.

सोमवार, ५ जानेवारी

अध्यक्ष लक्ष्मणरावांचा फोन. मूळचे तळवडे गावातले, बोलणं मोकळं. म्हणाले, “गुरुदत्तभाऊ, गणपती झ्याक बसलाय. पर पोरापोरींची पानं कवा हुनार? न्हाई जमत तर सांगा, पुण्याचा मानूस बघतो.”

जमत नाही असा प्रश्नच नाही, असं सांगितलं. पुण्याचा माणूस म्हणे.

बुधवार, ७ जानेवारी

फर्स्ट शिफ्ट. निगडीहून चाकणपर्यंत कंपनीच्या बसमध्ये विचार केला. क्वालिटीत आयुष्य गेलंय माझं. पार्ट रिजेक्ट झाला की आम्ही पाच वेळा ‘का’ विचारतो आणि मूळ कारणाशी पोचतो. इथेही विचारलं. पाचही वेळा उत्तर आलं: एडिटर.

संकल्प चालू आहे. आज तास झाला नाही. पाठ.

शुक्रवार, ९ जानेवारी

कँटीनमध्ये ज्ञानेश भेटला. कंपनीचे कॉम्प्युटर बघतो. त्याला सहज विचारलं, मित्राची अडचण म्हणून. म्हणाला, “सर, एडिटर म्हणजे वेगळा ब्राउझर समजा. मित्राला सांगा, त्याच्या आतच लॉगिन करायचं. तुमचं झालं की मला कळवा.”

हे मला सुचलंच होतं.

शनिवार, १० जानेवारी

फत्ते.

एडिटरमध्ये पहिल्या चौकोनावर क्लिक केलं. कर्सर आला. माझं नाव टाइप केलं. दुसऱ्यात पासवर्ड: अनुयाचं नाव आणि तिचं जन्मसाल. इतर ठिकाणी पासवर्डचे ठिपके दिसतात. इथे अक्षरं स्वच्छ दिसली, आणि केशरी. याला म्हणतात पारदर्शकता.

एंटर मारलं. काही झालं नाही. मग वरचं निळं ‘सेव्ह’ दाबलं. बदल जतन झाले, असं आलं. म्हणजे लॉगिन कायमचं जतन झालं. शेवटी ‘पब्लिश’.

आतलं पान अजून दिसत नाही. वेळ लागत असेल.

सोमवार, १२ जानेवारी

वेबसाइटला उदंड प्रतिसाद. लक्ष्मणराव खूश. म्हणाले, “आता पासवर्ड इचारायला कुनाला फोन करावा लागत न्हाई. लई बेस सोय केली राव.” डिझाइन चांगलं असलं की माणसाला वाट सापडते.

डेटाही ताजा होतोय. एका मुलाची उंची कालच्यापेक्षा तीन इंच वाढलेली. एका मुलीचं वय दोन वर्षांनी उतरलं. भोसरीच्या एका मुलाची नोकरी थेट मॅनेजरची झाली. लोक आपली माहिती सुधारतायत. एवढा उत्साह मंडळात पूर्वी नव्हता.

पुण्याच्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

संध्याकाळी चित्राचं हळदीकुंकू. सोसायटीतल्या साधनाताई आल्या. तिळगूळ देता देता अनुयाला म्हणाल्या, “अगं, तुला स्वयंपाकाची आवड? कालच वाचलं. माझ्या भाच्याला दाखवू का?”

अनुयाने तिळगूळ तोंडात टाकला आणि फोन काढला. सणाचा मान ठेवला असावा.

बायका गेल्यावर तिने मला विचारलं, बाबा, तुमचा पासवर्ड काय? मी सांगितलं, पासवर्ड कुणालाही सांगायचा नसतो. तिने तिचा फोन माझ्यासमोर धरला. गणपती होता. गणपतीखाली माझं नाव. त्याखाली तिचं नाव आणि जन्मसाल. केशरी.

तिचं म्हणणं असं: मी लॉगिन केलंच नाही. एडिट चालू असताना चौकोनावर क्लिक केलं की चौकोनातला मजकूर बदलतो. मी पासवर्ड पानावर छापला. वर ‘ब्राउझ’ नावाचं बटण आहे. आधी ते दाबायचं, लॉगिन करायचं, मग परत एडिटवर यायचं.

बटण लहान आहे. कुणाचंही लक्ष जाणार नाही.

मग म्हणाली, “पासवर्डला माझं नाव. स्थळालाही माझं नाव. दोन्ही वेळा मला विचारलं नाहीत.”

मुद्दा तांत्रिक नव्हता. 

चित्रा वाणाची भांडी आवरत होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने भांडी आवरली.

अनुयाने लॅपटॉप मागितला. दिला. आता शांत झाली आहे. उद्यापर्यंत विसरेल.

गुरुवार, १५ जानेवारी. सकाळी

वेबसाइट उघडली. गणपती तसाच. चौकोन रिकामे. माझा पासवर्ड चालला नाही.

चित्राच्या फोनवर सभासदांचं पान पाहिलं. वाढलेली उंची उतरली होती. वयं पूर्ववत. अनुयाचं स्थळ नव्हतं. नवा पासवर्ड चित्राला माहीत होता. मागितला. तिने दिला नाही. तेच म्हणाली: आधी तिला विचारा.

अनुयाच्या खोलीचं दार बंद होतं. टकटक केलं.

आतून तिने विचारलं, कोण आहे.

मी सांगितलं. काय हवंय, असं तिने विचारलं. तेही सांगितलं: नवा पासवर्ड. कंपनीची बस गेली. मी दाराशी उभा होतो.