ओक्तोच्या टेकडीवरचा खांब

मी, योसेफिना लेआतेमिया, वय सेहेचाळीस, राहणार हारुता, मालुकू, पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रियेसाठी अंबोनला जात आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत. मीही बरीचशी आहे. तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय, हे लिहून ठेवते.

१. घर आणि मागची सागूची झाडे धाकटा भाऊ बर्थी याला. छप्पर गळते हे त्याला ठाऊक आहे. तक्रार चालणार नाही.

२. थिओडोलाइट हे मोजणीचे यंत्र, त्याची तिपाई आणि होडी पुतणी सेल्वीला. तिने आमच्या सामुद्रधुनीचा नकाशा पुरा करावा. उत्तरेची बेटे कागदावर आली आहेत. दक्षिणेची बेटे एकाच टेकडीवरून नीट दिसतात, आणि ती टेकडी माझा चुलतभाऊ ओक्तो याची. नकाशा अर्धा राहिला तर ते पाणी गावांच्या नावे नोंदले जाणार नाही, मोत्यांच्या कंपनीकडे जाईल.

३. ओक्तो तिथे मोजणीचा खांब रोवू देत नाही. "आज खांब, उद्या कुंपण," म्हणतो. त्याच्या वडिलांची जमीन तशीच गेली, म्हणून मी त्याला मूर्ख म्हणत नाही. भांडखोर म्हणते. मात्र समोरच्या किनाऱ्यावरचे नुसेला हे आमचे 'पेला' गाव, म्हणजे पूर्वजांच्या शपथेने भाऊ झालेले. त्यांनी मागितलेले हारुताच्या माणसाला नाकारता येत नाही. माझ्या पश्चात नुसेलाच्या इद्रिसकाकांनी ओक्तोकडे खांबापुरती जागा मागावी. मी हे आजवर सुचवले नाही. त्यांच्या मशिदीच्या तुळया आम्ही वाहिल्या, आमच्या चर्चचे छप्पर त्यांनी घातले. ती शपथ माझ्या कामाला जुंपणे बरे वाटेना. अजूनही पुरते वाटत नाही.

पुरवणी: साक्षीसाठी काकांना बोलावले, आणि मागाहून वाद नको म्हणून ओक्तोलाही. मजकूर वाचून दाखवला.

"तुझ्या कामाला?" काका म्हणाले. "त्या पाण्यात मासे आम्ही धरत नाही होय गं? आणि मागायला तू मरायची वाट कशाला बघू?" मग ओक्तोकडे वळून, "भावा, खांबाला जागा दे."

ओक्तो माझ्याकडे वळला. "ताई, फसवून बोलावलंस."

"नाही रे, देवाशपथ."

"लवंगेच्या एका झाडाला हात लावायचा नाही. आणि खांबावर दोन्ही गावांची नावं. मोठ्या अक्षरात."

"सिमेंट कोण चढवणार?" काकांनी विचारले.

"मीच. तुम्हाला चढवून पाप घेऊ का डोक्यावर?"

सबब कलम ३ सर्वांसमक्ष खोडले आहे. नकाशा मी परतल्यावर सेल्वी आणि मी मिळून पुरा करू. परतले नाही, तर सेल्वी आणि ओक्तो.

स्थळ: हारुता. दिनांक: ९ ऑक्टोबर २०१८.
सही: योसेफिना लेआतेमिया
साक्षीदार: इद्रिस तुहुतेरू, नुसेला
साक्षीदार: ओक्तो लेआतेमिया, हारुता. (सहीशेजारी त्याच्याच अक्षरात: सोमवारी पहाटे या. पिण्याचं पाणी आणा, वर विहीर नाही.)